कॉर्निश वंशजांची संस्था: दार सगळ्यांना उघडायचं का?

मूंटाची_सून

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, तोही जरा आडवळणाच्या विषयावर.

साउथ ऑस्ट्रेलियात यॉर्क द्वीपकल्पावर वॉलरू, कडिना आणि मूंटा अशी जवळजवळची तीन गावं आहेत. तिन्ही तांब्याच्या खाणींमुळे वसलेली. १८६०च्या दशकात इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाकडून, म्हणजे कॉर्नवॉलमधून, इथे इतके खाणकामगार आले की या भागाला आजही 'ऑस्ट्रेलियातलं छोटं कॉर्नवॉल' म्हणतात. माझ्या सासरचे त्यातलेच. त्यांच्यासारख्या वंशजांची इथे एक छोटी संस्था आहे आणि तिची सचिव मी आहे. कशी झाले? वार्षिक सभेत अध्यक्षांनी 'सचिवपदासाठी कोणी?' असं विचारल्यावर सगळे आपापल्या चहाच्या कपात बघायला लागले, आणि माझा चहा आधीच संपला होता.

काम म्हणाल तर दर तीन महिन्यांनी पत्रिका काढायची. ५ मार्चला संत पिरानचा दिवस असतो, तेव्हा काळ्यावर पांढरा क्रूस असलेला झेंडा चढवायचा. १९७३पासून एक वर्षाआड मे महिन्यात तिन्ही गावांत मिळून 'केर्न्यूएक लोवेंडर' हा मोठा उत्सव भरतो, तिथे स्टॉल लावायचा. आणि वर्षभर कुठून कुठून येणाऱ्या 'माझे खापरपणजोबा तुमच्याकडे पुरलेत का?' या ईमेलना उत्तरं द्यायची. हे शेवटचं ऐकायला किरकोळ वाटतं, पण निम्म्याहून जास्त वेळ त्यातच जातो.

आता अडचण. आमच्या घटनेत लिहिलंय की सभासद कॉर्निश वंशाचा हवा, नाहीतर वंशजाचा नवरा किंवा बायको. सभासद म्हातारे होत चाललेत. ज्यांना कामाची हौस आहे ती माणसं नेमकी त्या कलमात बसत नाहीत. निवृत्त इतिहास-शिक्षिका आहेत त्या जर्मन वंशाच्या. संगणकाचं सगळं बघणाऱ्या मुलाचे आईवडील व्हिएतनामहून आलेले. मी सातारची, केवळ लग्नाच्या दाखल्यावर आत आहे. कलम बदलायचा ठराव मी मांडलाय. जुनी मंडळी म्हणतात, मग आपल्यात आणि गावातल्या इतर क्लबांत फरक तो काय राहिला?

इथे मंडळं चालवून हात पोळलेले बरेच जण आहेत. बोला.

चहाबाज

वाचतोय. एक बाळबोध प्रश्न: हे साहेब लोकच ना? अर्ध्या जगावर राज्य असताना पोटासाठी घर सोडायची वेळ का यावी?

मूंटाची_सून

@चहाबाज, साहेब वरच्या बंगल्यात. हे मेणबत्ती टोपीला चिकटवून शिडीने खाली उतरणारे.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कॉर्नवॉल तांब्यात जगात आघाडीवर होतं. मग चिलीचं, अमेरिकेतल्या लेक सुपीरिअरचं आणि आमच्या इथलं तांबं बाजारात आलं. त्यात १८६६ साली लंडनची ओव्हरएंड गर्नी ही पेढी बुडाली, तांब्याचा भाव कोसळला आणि खाणी धडाधड बंद झाल्या. १८६१ ते १९०१ या चाळीस वर्षांत साधारण अडीच लाख कॉर्निश माणसं परदेशी गेली असं मानतात, आणि १८६१ला सगळ्या कॉर्नवॉलची लोकसंख्या चार लाखसुद्धा नव्हती. ज्या तांब्याने घरच्या खाणी बुडवल्या तेच काढायला ही माणसं बोटीत बसली. करणार काय, येत होतं ते तेवढंच, आणि तेवढं दुसऱ्या कोणाला येत नव्हतं. जमिनीत कुठेही खड्डा दिसला तर तळाशी कॉर्निश माणूस सापडेल, असं म्हणायचेच लोक. परमुलखात त्यांना 'कझिन जॅक' म्हणत.

मूंटाला १८६१मध्ये एका मेंढपाळाला तांब्याचा माग लागला. पुढे दहा लाख पौंडांच्या वर लाभांश वाटणारी ऑस्ट्रेलियातली पहिली खाण कंपनी इथलीच. १९२३ला सगळं बंद. मग इथलीही पोरं बाहेर पडली: ब्रोकन हिल, कॅलगूर्लीच्या खाणींकडे. म्हणजे आमच्या सभासदांच्या घराण्यांत गाव सोडण्याचे किस्से किमान दोन.

देवगडकर

ताई, हे वाचून आमची मनीऑर्डर आठवली. मुंबईहून गिरणीतल्या माणसाची मनीऑर्डर आली की गावात वाण्याची उधारी भागायची, तसंच तिकडे होतं ना? मी कुठेतरी दक्षिण आफ्रिकेच्या टपालाबद्दल वाचलं होतं.

मूंटाची_सून

@देवगडकर, अगदी. १८९०नंतर जोहान्सबर्गच्या सोन्याच्या खाणींत हजारोंनी कॉर्निश गडी होते आणि कॉर्नवॉलमधली कॅम्बोर्न-रेडरुथकडची बाजारपेठ त्या टपालावर चालायची. पैसे उशिरा आले की दुकानदारांचेही हाल. बायका मागे राहिलेल्या, घर त्याच चालवायच्या. पैसे यायचे बंद झाले तर नवरा मेला की दुसरा संसार थाटला, हे कळायलाही मार्ग नसायचा. आमच्याकडे येणाऱ्या चौकशांत अशा 'हरवलेल्या' नवऱ्यांचा भरणा बराच असतो. एका बाईंना आम्ही त्यांच्या पणजोबांचा दुसरा संसार कागदोपत्री शोधून दिला. त्यांनी आभार मानले आणि वर्गणी काही भरली नाही.

माजी_खजिनदार

मेलबर्नकडच्या एका महाराष्ट्र मंडळात बरीच वर्षं खजिना सांभाळला, त्या जोरावर लिहितो.

१) तुमच्याकडे साउथ ऑस्ट्रेलियाचा १९८५चा संस्था नोंदणी कायदा लागू असणार. नोंदणी नसेल तर आज करा. स्टॉलवर कोणाचा पाय घसरला तर दावा समितीतल्या माणसांवर येतो. सार्वजनिक दायित्वाचा विमा हा सगळ्यात रटाळ आणि सगळ्यात गरजेचा खर्च.

२) वास्तू घेण्याच्या नादाला लागू नका. छप्पर गळायला लागलं की संस्था छपरासाठीच जगते.

३) सभासद कोण, या कलमावर इतकी डोकेफोड नको. संस्थेचा स्वभाव ठरतो उद्देशाच्या कलमावर. तिथे स्पष्ट लिहा की ही संस्था कॉर्निश स्थलांतरितांच्या नोंदी, कबरी आणि कागद जपण्यासाठी आहे. हे कलम बदलायला तीन-चतुर्थांश मतं लागतील असं करा. मग सभासद सातारचा असो नाहीतर सायगॉनचा, काम तेच राहील.

४) संस्था बंद पडली तर कागद कुठे जातील तेही आत्ताच लिहून ठेवा. शिल्लक मालमत्ता सभासदांत वाटून घेता येत नाहीच, पण ती नेमकी कोणत्या संग्रहाला द्यायची हे ठरलेलं नसलं की खोकी कोणाच्या तरी गॅरेजमध्ये जातात आणि तिथेच त्यांना वाळवी लागते.

आणि कृपा करून 'सहयोगी सभासद' ही भानगड आणू नका. एका मांडवात दोन पंगती बसवल्या की खालच्या पंगतीतली माणसं दुसऱ्या वर्षी फिरकत नाहीत.

वंशावळवेडी

खजिनदारसाहेबांचं तिसरं मला पटत नाही. मी स्वतः घराण्यांच्या शोधाचं काम करते. लोक आजीची पेटी उघडून पत्रं, फोटो, बायबलात लिहिलेले जन्म-मृत्यू दाखवतात ते 'आपल्यातल्या' माणसाला. रक्ताचं नातं अगदीच निरुपयोगी नसतं.

आता धागा निघालाच आहे तर कॉर्निश शोधाबद्दल थोडं, कोणाला उपयोगी पडेल. आडनावाला भुलू नका. ट्रे, पोल, पेन यांनी सुरू होणारी नावं कॉर्निश हे सगळ्यांना पाठ असतं, पण प्रत्यक्षात निम्मं गाव थॉमस, विल्यम्स, रिचर्ड्स आणि हॅरिस असतं, आणि पहिली नावं जॉन, विल्यम, जेम्स. पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला गाव-परिसर, माहीत नसेल तर कोणता जॉन थॉमस हे देवच जाणे. ग्वेनॅप, इलोगन, सेंट ॲग्नेस, सेंट जस्ट, काहीतरी एक हाताला लागलं पाहिजे.

दुसरं म्हणजे हे लोक बहुतांशी मेथडिस्ट, म्हणजे जॉन वेस्लीने सुरू केलेल्या ख्रिस्ती पंथाचे. वेस्ली १७४३ला पहिल्यांदा कॉर्नवॉलमध्ये आला, पुढे ग्वेनॅपच्या खोलगट मैदानात उघड्यावर प्रवचनं देत असे. त्यामुळे बाप्तिस्म्याच्या नोंदी कित्येकदा पॅरिशच्या वहीत नसतातच. वेस्लियन, बायबल ख्रिश्चन, प्रिमिटिव्ह अशा निरनिराळ्या पंथांच्या सर्किट वह्या (सर्किट म्हणजे आसपासच्या प्रार्थनामंदिरांचा गट) बघाव्या लागतात. 'नोंद नाही' म्हणून हात टेकणारे बहुतेक जण चुकीची वही चाळत असतात. मूळ कागद आता रेडरुथला क्रेसेन कर्नोमध्ये आहेत, जुन्या दारूभट्टीच्या इमारतीत २०१९ला सुरू झालेलं अभिलेखागार. शिवाय पॅरिशवार स्वयंसेवकांनी उतरवलेल्या नोंदी ऑनलाइन फुकट बघायला मिळतात.

आणि डीएनए चाचणी! तिने संस्थांच्या नाकी नऊ आणलेत. शेजारशेजारच्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या सोयरिकी झालेल्या, त्यामुळे सगळेच एकमेकांचे चौथे-पाचवे चुलत निघतात. त्या यादीवरून नातं सांगायला जाऊ नका.

मूंटाची_सून

@माजी_खजिनदार, उद्देशाच्या कलमाचं सोनं दिलंत. हा मुद्दा आमच्या कोणाच्या डोक्यातच आला नव्हता.

@वंशावळवेडी, पेटीचं खरं आहे, पण माझा अनुभव थोडा निराळा. पेटी ज्याच्याशी दोन वर्षं पत्रव्यवहार झालाय त्याच्यासमोर उघडते. त्याचं आडनाव ट्रेवेना आहे की कदम, हे तोवर मागे पडलेलं असतं.

शंकासुर

मला मुळातच प्रश्न आहे. 'वारसा' म्हणून तुम्ही नेमकं काय जपताय? यॉर्क द्वीपकल्प नरंगा लोकांचं. त्यांच्या जमिनीवर खाण निघाली, त्यांना पॉइंट पिअर्सच्या मिशनवर हलवलं. खाणीचा मालक वॉल्टर वॉटसन ह्यूज याने ॲडलेड विद्यापीठाला वीस हजार पौंड दिले म्हणून त्याचा पुतळा. कष्टाळू गरीब कझिन जॅक ही गोष्ट गोड आहे, पण अर्धीच आहे. उरलेली अर्धी तुमच्या पत्रिकेत येते का?

मूंटाची_सून

@शंकासुर, पूर्वी येत नव्हती. आता माहितीपत्रकाची सुरुवातच 'हा नरंगा लोकांचा प्रदेश' इथून होते. त्यावर एक सभासद रागावून राजीनामा देऊन गेले आणि पुढच्या उत्सवाला गुपचूप परत आले. पण खरं सांगायचं तर एक वाक्य छापणं सोपं असतं. मिशनच्या वह्यांतही खाणीवर काम केलेल्यांची नावं असतील, त्या घरातल्या लोकांना हवं असेल तर त्यांच्यासोबत बसून काही करता येईल का, हे विचारायला आम्ही अजून गेलेलो नाही. 'फक्त वंशज' हे कलम मला खुपतं त्याचं हेही एक कारण. त्या कलमाखाली नरंगा माणूस आमच्याकडे पाहुणा म्हणूनच येऊ शकतो.

गोड गोष्टीबद्दल म्हणाल तर मूंटाच्या दफनभूमीत एक चक्कर मारली की गोडवा उतरतो. खाणीभोवती खोपटी, प्यायला स्वच्छ पाणी नाही. १८७०च्या दशकात टायफॉइड आणि इतर साथींनी लहान मुलं पटापट गेली. कित्येकांच्या कबरीवर दगडसुद्धा नाही, नुसता उंचवटा. उत्सवात एक दिवस कबरींवर फुलं वाहायचा असतो. बँड वाजतो, भाषणं होतात. आमच्या शिक्षिका-बाई त्या गर्दीत कधी नसतात. आदल्या आठवड्यात त्या गुडघ्याखाली जुनी उशी घेऊन बिनदगडाच्या ओळीतलं गवत हाताने काढत असतात. यंत्र चालवलं की उंचवटे झिजतात म्हणून हाताने. हातात दफनाच्या नोंदवहीची झेरॉक्स, पेन्सिलीने प्रत्येक उंचवट्यासमोर खूण. घटनेप्रमाणे या बाई 'बाहेरच्या'.

भटका_तळेगावचा

हा धागा मेक्सिकोत नेतो जरा. पाचूका आणि वर डोंगरात रिआल देल मोंते. तिथल्या चांदीच्या खाणींसाठी १८२४ला लंडनमध्ये कंपनी निघाली, कॉर्नवॉलहून माणसं आणि अवजड वाफेची इंजिनं बोटीने वेराक्रूझला उतरवली. किनाऱ्यावरच पिवळ्या तापाने कित्येक माणसं गेली, उरलेल्यांनी यंत्रं ओढत डोंगरावर नेली. आज तिथे वर इंग्रजांची दफनभूमी आहे आणि खाली गल्लोगल्ली 'पास्ते'ची दुकानं. म्हणजे कॉर्निश पेस्टीच (सारण भरून भाजलेली मोठी करंजी म्हणा), फक्त आत मोले हा मेक्सिकन मसालेदार रस्सा किंवा अननस. पास्तेचं संग्रहालय आहे, ऑक्टोबरात महोत्सव असतो. दुकानदाराला विचारलं, तुमचे पूर्वज कॉर्निश का? तो हसायलाच लागला. गावात अशी घराणी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. पण पास्ते सगळ्या गावाचा. २००८मध्ये रेडरुथशी त्या गावाचं जोडनातंही झालं.

अमेरिकेत विस्कॉन्सिनला मिनरल पॉइंट म्हणून गाव आहे. खाणकामगारांची दगडी घरं पाडायला काढली होती. १९३५पासून दोन मित्रांनी ती एकेक विकत घेऊन दुरुस्त केली आणि पोटापाण्यासाठी तिथेच पेस्टीचं हॉटेल काढलं. आज पेंडार्विस नावाने ते राज्याचं वारसास्थळ आहे. दोघांतला एक कॉर्निश वंशाचा, दुसरा नव्हता.

चहाबाज

पेस्टीत गाजर घालतात का? (हलके घ्या)

वंशावळवेडी

@चहाबाज, हा प्रश्न मिशिगनमध्ये विचारू नका, मारामाऱ्या होतील. :)) कॉर्नवॉलच्या हिशेबी गोमांस, बटाटा, कांदा आणि स्वीड नावाचा कंद. गाजर म्हणजे बाटवाबाटवी. २०११पासून 'कॉर्निश पेस्टी' या नावाला युरोपात भौगोलिक संरक्षण आहे, कडेची मुरड बाजूला हवी, वर नको, इथपर्यंत लिहिलेलं. मिशिगनच्या खाणपट्ट्यात मात्र फिनिश लोकांनीही पेस्टी आपलीशी केली आणि तिथे गाजर सर्रास चालतं.

मूंटाची_सून

आमच्या स्टॉलवर दोन्ही ठेवतो. गाजरवाली आधी संपते, पण मी हे बोलले म्हणून कोणाला सांगू नका. वर्गणीपेक्षा पेस्टीवर जास्त पैसे मिळतात.

शंकासुर

आणि भाषा? कॉर्निश भाषा मेली ना? मेलेल्या भाषेचे वर्ग घेता की काय?

मूंटाची_सून

घेतो, ऑनलाइन. शेवटची जन्मजात बोलणारी म्हणून जिचं नाव घेतात ती डॉली पेंट्रीथ १७७७ला गेली. १९०४ला हेन्री जेनरने भाषेचं पुस्तक काढलं आणि लोकांनी पुन्हा शिकायला घेतली. २०१०मध्ये युनेस्कोने 'मृत' हा शेरा काढून 'अत्यंत धोक्यात' केला. मूंटाला आलेल्यांपैकी ती कोणीच बोलत नव्हतं, तेव्हा वारसा म्हणून तिचा दावा तसा पातळ आहे. मला स्वतःला तिच्यापेक्षा कॅरोल जवळचे वाटतात. इलोगनचा खाणकामगार थॉमस मेरिट याने रचलेली नाताळची गाणी मूंटातही गायली आणि कॅलिफोर्नियातल्या ग्रास व्हॅलीतही. पण वर्गाला तरुण मुलं येतात, गाण्यांना येत नाहीत. त्यामुळे वर्ग चालू राहणार.

केजीएफवाला

धागा उशिरा दिसला. भारतातलं कॉर्निश गाव कोणाच्याच लक्षात कसं आलं नाही? आमचं केजीएफ! कोलारच्या सोन्याच्या खाणी १८८०पासून लंडनच्या जॉन टेलर अँड सन्सच्या व्यवस्थापनाखाली होत्या आणि त्यांच्याबरोबर खाणीचे कॅप्टन, फोरमन, इंजिनवाले असे कितीतरी कॉर्निश आले. खालचे कष्ट मात्र तमिळ आणि तेलुगू मजुरांचे. १९०२ला शिवनसमुद्रहून वीज आली ती बंगळूर शहराला नव्हे, आधी या खाणींना. माझे वडील भारत गोल्ड माइन्समध्ये हिशेबनीस होते, २८ फेब्रुवारी २००१ला खाण बंद होईपर्यंत. आम्ही गावातलं एकुलतं एक मराठी घर नव्हतो, पण फारसे दूरही नव्हतो त्यापासून.

तिथल्या जुन्या दफनभूमीत कॉर्नवॉलच्या गावांची नावं कोरलेले दगड मी लहानपणी पाहिलेत. पुढच्या महिन्यात जाणार आहे. फोटो काढून पाठवले तर तुमच्या संस्थेला उपयोग आहे का? मी कॉर्निश नाही, हे ओघाने आलंच.

मूंटाची_सून

@केजीएफवाला, उपयोग? अहो, आम्ही उडी मारू! कोलारहून पुढे ऑस्ट्रेलियात आलेल्या घराण्यांच्या चौकशा आमच्याकडे पडून आहेत. थोडी माहिती देते. सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर जा, तिरप्या प्रकाशात झिजलेली अक्षरं उठून दिसतात. अक्षरांवर खडू, पीठ, दाढीचा फेस काही लावू नका, फार तर साध्या पाण्याने मऊ ब्रश. आधी संपूर्ण दगड, मग अक्षरं जवळून, मग आजूबाजूच्या दोन कबरींसह एक फोटो. मजकूर दिसेल तसाच उतरवा. स्पेलिंग चुकीचं वाटलं तरी दुरुस्त करू नका. ओळ कोणत्या बाजूने मोजली तेही लिहा. मद्रास इलाख्यातल्या चर्चच्या बाप्तिस्मा, विवाह, दफनांचे उतारे लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत, त्यांच्याशी आम्ही पडताळून बघू.

बाकी मंडळी, सभा झाली. उद्देशाचं कलम खजिनदारसाहेबांच्या सल्ल्याप्रमाणे घट्ट बांधलं. त्यानंतर सभासदत्वाचं कलम सैल करायला फारसा विरोध उरला नाही. दोघांनी विरोधात मत दिलं आणि दोघेही चहाला थांबले. वंशावळीच्या वहीत नाव नोंदवायला मात्र वंशाचा पुरावा लागेल, ही @वंशावळवेडी यांच्या बाजूची अट राहिली, आणि ती मलाही मान्य आहे.

माजी_खजिनदार

उत्तम. विमा?

मूंटाची_सून

कोटेशन मागवलंय.

केजीएफवाला

फोटो पाठवायला सुरुवात केलीय, आज पहिल्या दोन ओळी. एका दगडावर 'रेडरुथ' स्वच्छ वाचता येतंय. दुसऱ्या ओळीतला एक दगड पालथा पडलाय, अर्धा मातीत. दोन पोरं मदतीला आहेत, पहारही मिळेल. उलटवून बघू का?

मूंटाची_सून

@केजीएफवाला, अजिबात नको! जुना दगड पहारीने मधोमध तडकतो. आहे तसाच फोटो काढा आणि जागा नोंदवा. देखरेख कोणाकडे आहे ते चर्चमध्ये विचारा, लेखी परवानगी मिळाली तर मग बघू. ती नावं कोणाची असतील याची यादी मी तोवर इकडून काढते.